बरे होण्याआधीचा मलिदा
जुनाट आजारासोबत जगताना आनंद आणि श्रद्धा



आजार दोन जातीचे असतात. ताप, खोकला, जुलाब हे पाहुण्यासारखे. चार दिवस राहतात, घरातल्यांना धावपळ करायला लावतात आणि निघून जातात. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, दमा, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार हे मात्र बिऱ्हाड करून राहणारे. एकदा घरात शिरले की ते सहसा जागा सोडत नाहीत.

आपण चौकशी मात्र सगळ्यांची एकाच प्रश्नाने करतो, "काय, बरं वाटलं का?" वीस वर्षे मधुमेह असलेल्या आजींनी याला काय उत्तर द्यावे? "हो" म्हणावे तर खोटे, "नाही" म्हणावे तर रडगाणे. म्हणून त्या "चाललंय" म्हणून गप्प बसतात. या गप्प बसण्यात पुष्कळ दुःख दडलेले असते. आजार जाणार नाही हे ठाऊक असताना आनंदाने आणि श्रद्धेने कसे जगावे, हा या वेळच्या लेखाचा विषय आहे. उदाहरण मधुमेहाचे घेतले आहे, कारण आपल्यापैकी फार थोडी घरे त्याच्यापासून सुटली असतील. पण यातले बरेचसे इतर जुनाट आजारांनाही लागू पडेल.

आजार जात का नाही?

आपण जेवलो की अन्नाची साखर होऊन रक्तात येते. ही साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. उतारवयात होणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि ते तयार करण्याची स्वादुपिंडाची शक्तीही हळूहळू कमी होत जाते. गोळ्या या कामाला हातभार लावतात. स्वादुपिंड पुन्हा तरुण करणे त्यांच्या हाती नाही. म्हणूनच साखर चांगली आली म्हणजे आजार गेला असे होत नाही आणि मनाने गोळी बंद करायची नसते. वर्षे जातील तशी गोळी वाढली, तर "मी काय पाप केले?" असे मनाला लावून घेण्याचेही कारण नाही. वाढत्या वयाबरोबर चष्म्याचा नंबर बदलतो, तसेच हे.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी कुपात होलीममध्ये होते, तिचे ध्येय सर्वांना एकच नसते. धडधाकट वृद्धाला सात ते साडेसातच्या आसपासचा आकडा डॉक्टर सुचवतात. ज्यांना इतरही मोठे आजार आहेत, त्यांना आठपर्यंत चालू शकते. कारण वृद्धपणी साखर फार खाली जाणे हे थोडी वर राहण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. चक्कर येऊन पडणे, खुब्याचे हाड मोडणे, हृदयावर ताण येणे, असे त्याचे परिणाम होतात. तेव्हा शेजारणीचा आकडा साडेसहा आणि माझा साडेसात म्हणून खंत करू नये. आपला आकडा किती असावा, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे.

नवस कधी फेडायचा?

आपल्या बेने इस्रायल घरात अडचण आली की पहिले नाव ओठावर येते ते एलियाहू हानाबीचे. "एवढे पार पडू दे, मलिदा करीन." कोकणात अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाऊन नवस फेडण्याची आपली रीत जुनी. इथे दिमोना, बेर शेवा, अश्दोद, लोद, रामले कुठेही राहायला गेलो, तरी भिजवलेले पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर, वेलदोडे, सुकामेवा आणि वर फळे असे ते ताट आपल्याबरोबर आले. परीक्षा झाली, नोकरी लागली, शस्त्रक्रिया पार पडली, मूल सुखरूप जन्माला आले, की मलिदा होतो.

आता विचार करा. मधुमेह असलेली बाई म्हणाली, "बरी झाले की मलिदा करीन," तर तो मलिदा कधी होणार? आजार जाणारा नाही, म्हणजे उपकार मानण्याचा दिवसही कधी उजाडणार नाही. नकळत आपण आनंदाला एक अट घातली आणि ती अट पुरी होणे शक्यच नाही. जुनाट आजारात श्रद्धा डळमळते ती बहुधा इथे. देवाने ऐकले नाही असे वाटू लागते.

आपली प्रार्थना मात्र दोन प्रकारचे आभार शिकवते. एक बिरकत हागोमेल. मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस ती सेफेर तोरापुढे म्हणतो. ते संकट टळल्यानंतरचे आभार. दुसरे आभार मोदीम या भागातले. ते आपण रोज तीन वेळा अमिदामध्ये म्हणतो. त्यात संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी, दररोज आपल्याबरोबर असणाऱ्या देवाच्या चमत्कारांबद्दल आभार मानलेले आहेत. ते म्हणायला आजारातून उठलेले असावे लागत नाही. निरोगी माणूसही ते म्हणतो आणि खाटेवरचाही म्हणतो. हागोमेल पाहुण्या आजारासाठी आहे, मोदीम बिऱ्हाड केलेल्या आजारातही रोज म्हणायचे आहे.

म्हणून एक सूचना. यंदा बरे होण्याआधीच मलिदा करा. वर्षभर पायाला जखम झाली नाही, यासाठी करा. डोळ्यांच्या तपासणीत नवीन दोष निघाला नाही, यासाठी करा. नातीच्या बात मित्झवाला काठी टेकत का होईना, जाता आले, यासाठी करा. शब्बाथ संपल्यावर, जेव्हा एलियाहू हानाबीची गाणी म्हटली जातात, तेव्हा दोन शेजारी बोलवा आणि कशासाठी मलिदा केला ते त्यांना मोठ्याने सांगा. "चाललंय" म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला बोलायला विषय मिळतो आणि तो दुखण्याचा नसतो.

मलिदा मधुमेहाला चालतो का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्याचे उत्तर सणाच्या ताटाबरोबर देऊ.

एलियाहूही थकला होता

ज्या एलियाहू हानाबीला आपण हाक मारतो, तो स्वतः एकदा जगण्याला कंटाळला होता, हे आपण विसरतो. मेलाखीम आलेफच्या १९व्या अध्यायात ही कथा आहे. राणी इझेबेलच्या धमकीने तो बेर शेवाला पळून आला आणि तिथून एक दिवसाच्या वाटेवर रानात एकटाच गेला. एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले आणि तो झोपी गेला. आपल्यापैकी जे बेर शेवा आणि दिमोनाला राहतात, त्यांना ते रान परके नाही.

त्या वेळी देवदूताने काय केले ते पाहा. त्याने उपदेश केला नाही, "तुझी श्रद्धा कमी पडली" असेही म्हटले नाही. त्याने एलियाहूला हात लावून उठवले आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले. एलियाहूने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. दूताने त्याला पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले आणि वाट लांबची आहे असे सांगितले. देवाचे बोलणे झाले ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर, होरेब डोंगरावर.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. निराशा नाबीलाही आली, तेव्हा ती आली म्हणून कोणी स्वतःला नास्तिक समजू नये. आणि निराशेवर पहिला उपाय झोप, अन्न आणि पाणी हा होता.

वैद्यकशास्त्रही हेच पाहते. मधुमेह असलेल्यांना नैराश्याचा आजार इतरांपेक्षा सुमारे दुप्पट प्रमाणात होतो. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन उदास राहणे, आवडीच्या गोष्टीत रस न वाटणे, झोप उडणे किंवा सारखे झोपून राहावेसे वाटणे, भूक जाणे, आपण घरच्यांवर ओझे आहोत असा विचार घोळत राहणे, ही त्याची लक्षणे आहेत. वृद्ध माणूस पुष्कळदा "उदास वाटते" असे म्हणतच नाही. तो म्हणतो, "अंगात त्राण नाही," "जेवण जात नाही," आणि गोळ्या घ्यायचे सोडून देतो. घरच्यांनी हे ओळखावे. हिब्रूमध्ये याला दिकाओन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवून आपल्या कौटुंबिक डॉक्टरांसमोर निःसंकोच उच्चारावा. यावर गोळ्या आहेत, बोलून करायचे उपचारही आहेत आणि मन सावरले की साखरही सावरायला मदत होते. जीव नकोसा होण्याइतके विचार येत असतील, तर एरान या संस्थेचा १२०१ हा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो.

रांबामचेच उदाहरण घ्या. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी निघालेला असताना हिंदी महासागरात बुडाला. ही बातमी आल्यावर आपण वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, असे त्या थोर वैद्याने आणि धर्मपंडिताने पुढे एका पत्रात लिहिले. त्यानंतर ते उठले, रोगी तपासू लागले, ग्रंथ लिहू लागले आणि १२०४ पर्यंत जगले. वर्षभर अंथरुणावर पडलेल्या त्या माणसाला आपल्या परंपरेने दुबळ्या श्रद्धेचा ठरवले नाही.

रोजा सोडणे हीसुद्धा मित्झवा

आपल्या पिढीने योम किपूरचा उपास आणि तिशा बेआवचा बिरड्याचा रोजा लहानपणापासून पाळला. त्यामुळे डॉक्टरांनी "उपास नको" म्हटले की जिव्हारी लागते. "साठ वर्षांत एकदाही मोडला नाही, आता का मोडू?" असे म्हणून कित्येक जण कोणाला न सांगता उपास करतात. इथे धोका खरा आहे.

पंचवीस तास अन्नपाणी नाही आणि पोटात साखर उतरवणारी गोळी किंवा अंगात इन्सुलिन आहे, अशा स्थितीत साखर एकदम खाली जाऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या अंगातले पाणी कमी होऊन रक्तदाब पडू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चालू असताना उपाशी राहिले तर रक्तात घातक आम्ल साचू शकते. बिरड्याचा रोजा तर ऐन उन्हाळ्यात येतो.

हलाखा याबाबत अगदी स्पष्ट आहे. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हे योम किपूरच्या उपासापेक्षा वरचढ आहे. योमा या मासेखेतमध्ये दोन्ही बाजूंचा विचार केलेला आहे. रोगी म्हणत असेल की मला खाण्याची गरज आहे, तर वैद्य नको म्हणत असले तरी रोग्याचे ऐकावे, कारण आपल्या जिवाचे दुःख त्यालाच कळते. आणि वैद्य खायला सांगत असेल व रोगी "मला काही होत नाही" म्हणत असेल, तर वैद्याचे ऐकून त्याला खाऊ घालावे. आपल्या वयाच्या मंडळींनी हा दुसरा भाग पाठ करून ठेवावा.

मधली वाटही आहे. तिला शिऊरीम म्हणतात. जिवाला धोका आहे पण थोडेथोडे खाऊन तो टळतो, अशा रोग्याने एका वेळी मोठ्या खजुराच्या आकारमानाहून कमी, म्हणजे साधारण ३० मिलिलिटर मापाएवढे अन्न घ्यावे. पाणी गालफडभर होणार नाही इतके, साधारण ४० मिलिलिटरपर्यंत घ्यावे. दोन वेळांमध्ये सुमारे ९ मिनिटे थांबावे. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारा मापाचा छोटा प्याला यासाठी सोयीचा पडतो. तो आदल्या दिवशी घड्याळाशेजारी काढून ठेवावा. कोणाला किती, कोणाला पूर्ण जेवण आवश्यक, हे आधी डॉक्टरांनी आणि मग आपल्या रावने सांगायचे आहे. यासाठी सणाच्या तीनचार आठवडे आधी वेळ घ्या. आदल्या दिवशी विचारून गोळ्यांचे वेळापत्रक बदलता येत नाही.

आणि साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे सुरू झाले, तर माप आणि घड्याळ बाजूला ठेवा. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा अर्धा पेला फळांचा रस घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच घ्या आणि नंतर थोडे खा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. मागेन दावीद आदोमला १०१ वर फोन करा. शब्बाथ असो की योम किपूर, तो फोन करणे ही मित्झवा आहे.

एलूलच्या सेलिखोथपासून आपण ज्या देवाकडे आयुष्य मागतो, त्याच देवाच्या आज्ञेने आयुष्य राखण्यासाठी तोंडात घातलेला तो घास आहे. तो लपूनछपून, अपराध्यासारखा खाऊ नये. सून किंवा मुलगा शेजारी बसला, तर आणखी बरे.

सणाचे ताट

रोज्याइतकाच त्रास सणाच्या जेवणाचाही होतो. रोश हाशानाला चिकाचा हलवा, पुरीमला पुरणपोळी, नवसाला मलिदा, शब्बाथला किद्दुशचे मनुकांचे सरबत. घरातली माणसे ताट पुढे सरकवतात आणि पुन्हा मागे ओढतात, "तुम्हांला नको ना?" आजाऱ्याला सणाच्या दिवशी जितके परके वाटते, तितके एरवी वाटत नसेल.

ब्राखा म्हणून पदार्थाची चव घ्यायला मोठी वाटी लागत नाही. थोडी काळजी घेतली तर बहुतेक पदार्थांत आपला वाटा राहतो.

मलिद्यात साखर निम्मी करून वेलदोडा आणि खोबरे वाढवले तरी तो मलिदाच राहतो. दोन चमचे मलिदा आणि फळाची एक फोड पुरे. खजूर मात्र मोजून. इथल्या मोठ्या मेजुल खजुराच्या एका दाण्यात जवळजवळ चार चमचे साखर असते. अर्धा खजूर घेतला तरी ब्राखा म्हणता येते.

किद्दुश एकाने म्हणायचा असतो. बाकीच्यांनी नीट ऐकून आमेन म्हटले की त्यांचेही कर्तव्य पुरे होते, प्रत्येकाने प्यालाभर सरबत प्यावे असे नाही. ओठ ओले करण्यापुरता घोट घ्यावा. स्वतःच किद्दुश म्हणत असाल, तर सरबत करताना मनुका कमी घालाव्यात, वर साखर घालू नये.

पेसाखला एका चौकोनी मत्झात साधारण दीड स्लाइस पावाइतके पिष्ट असते. तो हलका लागतो म्हणून तीन-चार सहज खाल्ले जातात, तेव्हा आधीच ठरवून ताटात घ्यावा.

आणि आनंदाची गोष्ट म्हणजे आपले वालाचे बिरडे मधुमेहाला मानवते. मोड आलेल्या वालात प्रथिने आणि चोथा भरपूर, त्यामुळे साखर हळूहळू चढते. त्याच्याबरोबर भात मुदीपुरता ठेवावा, नारळाचे दूध जरा हात राखून घालावे. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे रमतगमत चालावे. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सणाच्या जेवणानंतर नातवाचा हात धरून खाली बागेपर्यंत जाऊन येणे हे औषधच समजा.

दिवसाला प्रार्थनेच्या खुंट्या

जुनाट आजारात औषधे विसरली जातात, कारण रोज तेच ते करून माणूस कंटाळतो. आपल्याकडे मात्र दिवसाला आधीपासूनच प्रार्थनेच्या खुंट्या ठोकलेल्या आहेत. औषधपाणी त्यांना अडकवून टाकावे.

सकाळी डोळे उघडल्यावर मोदे अनी. बायका मोदा अनी म्हणतात. आत्मा परत दिल्याबद्दल हे आभार. ते म्हणून हात धुतले की, डॉक्टरांनी सांगितले असेल तर, साखर तपासावी आणि वहीत लिहावी. आकडा वाईट आला तरी आभार आधी मानून झालेले असतात.

शौचालयातून आल्यावर आशेर यात्झार. शरीरातल्या वाटा आणि पोकळ्या देवाने शहाणपणाने घडवल्या, त्यातले उघडायचे ते बंद झाले किंवा बंद राहायचे ते उघडले तर माणूस उभा राहू शकणार नाही, असा त्याचा आशय आहे. तरुणपणी आपण ही ब्राखा घाईत उरकली. मूत्रपिंडाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्याला तिचा अर्थ कोणी समजावून सांगायला लागत नाही.

रात्री शेमा म्हणण्याआधी पाय पाहावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, काटा रुतला किंवा बूट चावला तरी कळत नाही. बोटांच्या बेचक्या, टाचा, तळवे पाहावे. वाकता येत नसेल तर हातआरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत. पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी. जखम, फोड, काळेनिळे दिसले तर दुसऱ्याच दिवशी कुपात होलीमच्या नर्सला दाखवावे.

गुडघ्यांमुळे अमिदाला उभे राहवत नसेल तर बसून म्हणावी, बसवत नसेल तर पडल्यापडल्या म्हणावी. आजाऱ्याला ती मुभा आहे. शब्बाथच्या गोळ्या, साखर तपासणे, इन्सुलिनची सुई यांबद्दल शंका असेल तर रावला एकदा नीट विचारून ठेवावे. शंका आली म्हणून गोळी चुकवू नये.

औषधांच्या खोक्यांवरची हिब्रू चिठ्ठी वाचता येत नाही, ही आपल्यातल्या अनेकांची अडचण आहे. लिफ्ने हाओखेल म्हणजे जेवणाआधी, आखारे हाओखेल म्हणजे जेवणानंतर, पाआमायिम ब्योम म्हणजे दिवसातून दोनदा. नातवंडाला शेजारी बसवावे. त्याने हिब्रू वाचावे, आजीने खोक्यावर मराठीत लिहावे. काम अर्ध्या तासाचे असते, पण दोघांना एकमेकांची भाषा थोडी कळते आणि आजीच्या गोळ्या किती आहेत हे घरात निदान एकाला तरी ठाऊक होते.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

बिकूर होलीम ही आपल्याकडे मोठी मित्झवा. आजाऱ्याला भेटणारा त्याच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो, असे तालमूदमध्ये म्हटले आहे. शेखीना रोग्याच्या उशाशी असते, असेही तिथे सांगितले आहे. पण पाहुण्या आजाराला आपण धावून जातो आणि बिऱ्हाड केलेल्या आजाराला विसरतो. शस्त्रक्रिया झाली की पहिल्या आठवड्यात घर भरते. पंधराव्या वर्षी कोणी येत नाही. खरी गरज तेव्हा असते.

जाल तेव्हा मिठाई नेऊ नका. "अमक्याचा पाय कापावा लागला" अशा गोष्टी सांगू नका. "बरं वाटलं का?" ऐवजी "आज दिवस कसा गेला?" असे विचारा. डोळे अधू झालेल्यांना हे मासिक वाचून दाखवा. गाणे येत असेल तर कीर्तनातली जुनी मराठी पदे एकत्र म्हणा. आवाज लागो न लागो, छाती भरून श्वास घेतला जातो आणि थोडा वेळ दुखण्यावरून लक्ष उडते.

आजाऱ्यांनीही मदत मागायला लाजू नये. अंघोळीला, स्वयंपाकाला हात लागत असेल, तर बितुआख लेउमीकडून मिळणाऱ्या मदतीची चौकशी कुपात होलीमच्या समाजसेविकेकडे करावी.

खाटेवरून दिलेला आशीर्वाद

शेवटी एक प्रश्न उरतो. आजारी माणसाला घरचे सगळे देतात, पाणी, औषध, उशी. त्याने काय द्यायचे? फक्त घेत राहिल्याने माणूस आतून खचतो.

बेरेशीतच्या ४८व्या अध्यायात योसेफला निरोप येतो की तुझा बाप आजारी आहे. योसेफ दोन्ही मुलांना घेऊन येतो. याकोवचे डोळे वार्धक्याने मंद झालेले, त्याला नीट दिसत नाही. देवाशी झुंजल्या रात्रीपासून तो लंगडत चालणारा, ते आपल्याला आधीच्या अध्यायांतून ठाऊक आहे. योसेफ आल्याचे ऐकून तो बळ एकवटतो आणि खाटेवर उठून बसतो. त्याचा आजार गेलेला नाही, पुढच्याच अध्यायाच्या अखेरीस तो मरण पावतो. पण उठून बसून तो एफ्राईम आणि मेनाशेच्या डोक्यावर हात ठेवतो. दर शुक्रवारी रात्री आपण मुलांना एफ्राईम आणि मेनाशेसारखे होण्याचा जो आशीर्वाद देतो, तो हाच. एका आजारी म्हाताऱ्याने खाटेवर बसून दिलेला.

तेव्हा येत्या शुक्रवारी शक्य तेवढे उठून बसा. नातवंडांना जवळ बोलवा. ती दूर राहत असतील तर शब्बाथ लागण्याआधी फोनवर बोलवा. हात थरथरत असेल तरी चालेल. त्या दिवशी आशीर्वाद देणारे तुम्ही असाल.

थोडक्यात

१. आपले साखरेचे ध्येय डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको.
२. उपासाबद्दल डॉक्टर आणि राव, दोघांना सणाच्या तीनचार आठवडे आधी विचारा.
३. साखर ७० च्या खाली गेली तर आधी साखर, मग बाकी सगळे.
४. रोज रात्री शेमाआधी पाय पाहा.
५. दोन आठवडे मन उदास असेल तर डॉक्टरांना सांगा.
६. दर आठवड्याला एका तरी जुन्या आजाऱ्याला भेटा किंवा फोन करा.
७. यंदाचा मलिदा बरे होण्याआधी करा.

आजाऱ्यासाठी म्हटल्या जाणाऱ्या मी शेबेराख प्रार्थनेत आधी आत्म्याचे आरोग्य मागतात आणि मग शरीराचे. तुम्हां सर्वांना त्याच क्रमाने आरोग्य लाभो. रेफुआ श्लेमा.